अमेरिकेत कोर्टाचा कागद आला? या चुका टाळा

आपल्याकडे तालुक्याच्या कोर्टापासून सुप्रीम कोर्टापर्यंत एकच शिडी आहे. कायदा केंद्राचा असो की राज्याचा, मुंबई हायकोर्ट दोन्ही बघतं. अमेरिकेत फेडरल, म्हणजे केंद्राच्या, कोर्टांची यंत्रणा वेगळी आणि पन्नास राज्यांच्या पन्नास वेगळ्या. तिकडे राहणारी आपली माणसं भारतातला हिशेब डोक्यात ठेवून कागद वाचतात, तिथेच घोळ होतो.

कोर्टाचं नाव नीट न वाचणं

सगळ्यात महाग पडते ती ही चूक. वर ‘युनायटेड स्टेट्स डिस्ट्रिक्ट कोर्ट’ लिहिलं असेल तर केस फेडरल. ‘सुपिरियर कोर्ट ऑफ कॅलिफोर्निया’ असेल तर राज्याची. न्यूयॉर्कमध्ये जास्त सांभाळा. तिथलं ‘सुप्रीम कोर्ट’ म्हणजे खटला जिथे सुरू होतो ते कोर्ट; घटस्फोटाचे अर्जही तिथेच जातात. राज्यातलं सर्वोच्च कोर्ट ‘कोर्ट ऑफ अपील्स’.

मुदतही कोर्टाप्रमाणे बदलते. फेडरल दिवाणी दाव्यात समन्स बजावल्यापासून साधारण 21 दिवसांत उत्तर द्यावं लागतं, कॅलिफोर्नियात 30, न्यूयॉर्कमध्ये समन्स राज्यातच हातात दिलं असेल तर 20. उत्तर गेलं नाही तर निकाल एकतर्फी लागू शकतो.

‘नवरा टेक्सासला, बायको न्यू जर्सीला, म्हणजे केस फेडरल’

नाही. दोन राज्यांतल्या नागरिकांचा वाद 75,000 डॉलरच्या वर असेल तर फेडरल कोर्टात नेता येतो, हे खरं. पण घटस्फोट, मुलांचा ताबा आणि पोटगी ही कामं राज्याच्या कोर्टाचीच. शिवाय राज्याच्या रहिवासाच्या अटी असतात. कॅलिफोर्नियात घटस्फोटासाठी दोघांपैकी एकाचं राज्यात सहा महिने आणि त्या काउंटीत (आपल्या जिल्ह्यासारखा भाग) तीन महिने वास्तव्य लागतं. उलट दिवाळखोरीचा अर्ज फक्त फेडरल कोर्टातच.

राज्यातला गुन्हा आणि व्हिसा यांचा संबंध नाही असं समजणं

इथे माझा जीव खरोखर तुटतो. दुकानातली किरकोळ चोरी, घरातलं भांडण यांची केस राज्याच्या कोर्टात चालते. दंड भरून सुटू, म्हणून माणूस गुन्हा कबूल करतो आणि तीच कबुली पुढे ग्रीन कार्डाच्या आड येते, प्रसंगी देश सोडायची वेळ आणते. राज्याने नंतर नोंद पुसली तरी इमिग्रेशनसाठी ती बहुधा पुसली जात नाही. 2010 च्या पडिला विरुद्ध केंटकी निकालानुसार, कबुलीमुळे देशाबाहेर काढलं जाण्याचा धोका असेल तर तसं अशिलाला सांगणं फौजदारी वकिलावर बंधनकारक आहे. त्यांनी विषय काढला नाही तर तुम्ही काढा, सही करण्याआधी.

इमिग्रेशन कोर्ट या दोन्ही यंत्रणांत बसत नाही. ते न्याय खात्याच्या, म्हणजे सरकारच्याच अखत्यारीत येतं. तिथलं अपील आधी बोर्ड ऑफ इमिग्रेशन अपील्सकडे आणि मग फेडरल अपील कोर्टात, म्हणजे सर्किट कोर्टात जातं.

‘शेवटी सुप्रीम कोर्टात जाऊ’

वाद निव्वळ राज्याच्या कायद्याचा असेल, समजा भाडेकराराचा, तर त्या राज्याच्या सर्वोच्च कोर्टाचा शब्द अखेरचा. वॉशिंग्टनच्या सुप्रीम कोर्टात दाद मागायची तर फेडरल कायद्याचा किंवा अमेरिकेच्या राज्यघटनेचा मुद्दा लागतो, आणि तो खालच्या कोर्टातच मांडलेला असावा लागतो.

केस शोधताना फेडरलसाठी ‘पेसर’ ही वेबसाइट, राज्यासाठी त्या त्या कोर्टाची. पेसरवर नाव दिसलं नाही म्हणून केस मिटली असं धरून चालू नका. काउंटीच्या कोर्टातल्या क्लार्कला फोन करून विचारा.