आइसलँडच्या भूमिगत संगीताचा इतिहास श्रवणमंडळात कसा मांडावा

आइसलँडच्या संगीताविषयी बोलायचे म्हटले की बहुतेक जण ब्योर्क या गायिकेपासून सुरुवात करतात आणि तिथेच थांबतात. नाशिकमधील आमच्या छोट्या श्रवणमंडळात पहिल्या वेळी मीही तेच केले. गंगापूर रोडवरील एका मित्राच्या गच्चीवर सलग दोन तास गाणी लावली आणि चहा येईपर्यंत बारापैकी पाच जण उरले. दोष गाण्यांचा नव्हता. ती कोणी, कशाच्या बळावर आणि कोणाच्या खिशातून काढली हे न सांगितल्यामुळे ऐकणाऱ्यांच्या वाट्याला नुसता गोंगाट आला होता. पुढे हाच विषय तीन बैठकांत मांडला, तेव्हा जे साधले ते येथे देत आहे.

पहिल्या बैठकीत गाण्यांआधी आकडे सांगावेत. १९८० च्या सुमारास आइसलँडची लोकसंख्या जेमतेम २ लाख ३० हजार होती. २०११ च्या जनगणनेत एकट्या नाशिक महापालिकेची १४ लाख ८६ हजार भरली, म्हणजे तो अख्खा देश आपल्या शहराच्या सहाव्या हिश्शाइतकाही नव्हता. नभोवाणी सरकारी, आणि तिचीही हलक्याफुलक्या संगीताची दुसरी वाहिनी १९८३ मध्ये आली. खासगी केंद्रांना १९८६ मध्ये मुभा मिळाली. दूरचित्रवाणी तर १९८७ पर्यंत दर गुरुवारी बंद असे. हे ऐकल्यावर श्रोते आपणहून विचारतात की मग तिथल्या भूमिगत वृंदांतील मुलांची ध्वनिमुद्रिका घेणार तरी कोण. तो प्रश्न उठला की पहिले गाणे लावावे, आणि ते बुब्बी मॉर्थेन्स यांचे असावे. मासळी प्रक्रियेच्या कारखान्यांत स्वतः राबलेल्या या गायकाने १९८० मध्ये त्या कामगारांचे जिणे गाण्यात आणले. गाण्याचा मराठी अर्थ आधी वाचून दाखवावा, कारण सातपूर-अंबडच्या कारखान्यांतील पाळ्या पाहिलेल्या माणसाला तो लगेच भिडतो.

दुसऱ्या बैठकीसाठी मोठा कागद आणि दोन रंगांची पेने घ्यावीत. वाद्यवृंदांची नावे एका रंगात, माणसांची दुसऱ्या रंगात लिहून रेषा जोडाव्यात. टाप्पी टीकारासमधून ब्योर्क, पुर्कुर पिल्निकमधून एइनार ओर्न, थेइरमधून सिग्त्रिग्गुर, अशा सगळ्या रेषा १९८३ मध्ये ‘कुक्ल’पाशी एकत्र येतात. हा वृंद एका नभोवाणी कार्यक्रमाच्या अखेरच्या भागासाठी मुद्दाम जमवला होता. त्याचे नाव चेटूक या अर्थाचे आहे आणि त्याच्या दोन्ही ध्वनिमुद्रिका इंग्लंडमधील क्रास या अराजकवादी गटाच्या कंपनीने काढल्या. पुर्कुर पिल्निक दीडेक वर्षच टिकला, पण ‘काय जमते यापेक्षा काय करतोस ते महत्त्वाचे’ हे एइनारचे म्हणणे त्या सगळ्या पिढीचे बोधवाक्य होऊन बसले. १९८२ च्या ‘रोक इ रेक्याविक’ या माहितीपटात हे वृंद त्या काळातच टिपलेले आहेत. त्यातील वीसेक मिनिटे दाखवली तरी पुरते.

येथे नावांबाबत एक सूचना. त्या देशात आडनावे बहुधा नसतात, शेवटी येते ते वडिलांचे नाव. आपण ते मध्ये लावतो, ते शेवटी लावतात, इतकेच. त्यामुळे टिपणवहीत एइनार ओर्न बेनेडिक्टसन ‘ए’खाली लावावा; मी तो ‘बे’खाली लावून महिनाभर शोधत बसलो होतो.

सर्वाधिक वेळ मात्र १९८६ ला द्यावा. त्या वर्षी ‘कुक्ल’च्या याच मंडळींनी ‘स्मेक्लेइसा’ नावाची, तबकड्या काढणारी संस्था सुरू केली. शब्दाचा अर्थ बेरसिकपणा, आणि तो त्यांनी अभिमानाने मिरवला. हाताशी पैसा नव्हता. ऑक्टोबरमध्ये अमेरिकेचे अध्यक्ष रेगन आणि सोव्हिएत नेते गोर्बाचेव्ह यांची शिखर बैठक राजधानी रेक्याविकमध्ये ठरली आणि जगभरचे पत्रकार शहरात उतरले, तेव्हा यांनी त्या दोन नेत्यांचे पोस्टकार्ड छापून विकायला काढले. कार्ड धडाक्यात खपले आणि त्या कमाईतून त्यांच्या नव्या वृंदाची, पुढे शुगरक्यूब्स म्हणून गाजलेल्या मंडळींची, पहिली छोटी तबकडी निघाली. पुढच्या वर्षी त्यांचे ‘अम्माइली’, म्हणजे वाढदिवस, हे गाणे इंग्रजीत आल्यावर ब्रिटिश साप्ताहिकांनी उचलून धरले आणि तिकडून आलेल्या पैशावर स्मेक्लेइसाने आपल्या देशातील इतरांच्या तबकड्या काढल्या. माझ्या मते हा सगळा इतिहास त्या पोस्टकार्डावर तोललेला आहे. ‘अम्माइली’ आइसलँडिक आणि इंग्रजी असे दोन्ही लागोपाठ लावावे. भाषा कळत नसली तरी ब्योर्क कोणत्या शब्दावर दम धरते आणि कोणत्या शब्दावर फाटक्या आवाजात ओरडते, यातला फरक ऐकू येतो.

तिसऱ्या बैठकीस कात्री, पुठ्ठा आणि डिंक घेऊन बसावे. १९९९ मध्ये याच संस्थेने सिगुर रोस या वृंदाचा दुसरा अल्बम काढला, तेव्हा सुरुवातीच्या प्रतींची वेष्टने वृंदातील मुलांनी स्वतः चिकटवली आणि डिंक लागून कित्येक तबकड्या वाया गेल्या. प्रत्येकाने ऐकता ऐकता एक वेष्टन तयार करावे. आमच्या गच्चीवर अकरा वेष्टने झाली, त्यांपैकी सहा उघडेनात. ती फेकू नयेत. त्यांच्यावर नाशिकमधील ढोल पथके, महाविद्यालयीन वृंद आणि भजनी मंडळे यांची नावे लिहून कोणाच्या तालमीला जागा कोण देते, हे विचारून पुढील बैठकीचा कागद तेथूनच सुरू करावा.