शाळेतल्या संगीत उपक्रमाचं मूल्यमापन करताय? या चुका टाळा

कंपनीचा सामाजिक कामासाठीचा (सीएसआर) निधी, शहरातलं एखादं संगीत विद्यालय आणि तालुक्यातल्या काही शाळा अशी तिघांची मोट बांधून सोलापूर जिल्ह्यात संगीताचे उपक्रम चालतात. वर्ष संपत आलं की कुणाला तरी "जरा बघून या आणि अहवाल द्या" म्हणून धाडतात. ते अहवाल माझ्यापुढे येतात. नावं बदलतात, चुका त्याच.

स्नेहसंमेलन बघून गुण देणं

सगळ्यांची लाडकी चूक. पाहुण्यांना नेमकं संमेलनाच्या दिवशी बोलावतात. शाल-नारळ होतो, मुलं स्वागतगीत म्हणतात आणि पाहुणे भारावून लिहायला बसतात. असाच एक भारावलेला अहवाल घेऊन मी एका शाळेत गेलो, पण संमेलन आटोपल्यावर, साध्या मंगळवारी. वेळापत्रकात पाचवीला शेवटचा तास संगीताचा होता. फळ्यावर मात्र शिष्यवृत्तीची गणितं! बाई म्हणाल्या, "सर, परीक्षा तोंडावर आलीय, म्हणून तेवढे तास घेतले." तेवढे म्हणजे किती? संगीत शिक्षकांची हजेरी आणि वर्गाची रोजच्या पाठांची टाचण वही शेजारी शेजारी ठेवली. दिवाळीनंतर वर्गात संगीताचा एकही तास झालेला नव्हता. शिक्षक येत होते, सही करत होते आणि संमेलनाची निवडक मुलं घेऊन व्हरांड्यात बसत होते. त्यातली बहुतेक त्यांच्याच खासगी क्लासची. उरलेल्या वर्गाला म्हटलं, सा लावा. सगळी एकमेकांकडे बघून हसायला लागली. मागची एक पोरगी म्हणाली, "आम्ही टाळ्या वाजवायला असतो, सर."

यात कुणाची नियत खोटी नव्हती. तिघांच्या करारातच फलित म्हणून "वार्षिक सादरीकरण" एवढं एकच लिहिलं होतं. शाळेनं ते चोख करून दाखवलं. म्हणून मी आधी करार वाचतो, मग वेळापत्रक मागतो, मग हजेरीपटावरचे मधलेच कुठले तरी क्रमांक पुकारतो. पुढं बसवलेली मुलं सोडून द्यायची. आणि गाणं सुरू झालं की शिक्षकांना पेटीवरचा हात काढायला सांगायचं. पेटी थांबल्यावर जे उरतं, ते वर्षभराचं शिक्षण.

पेट्या मोजणं

"दहा हार्मोनियम, दहा तबला-डग्गे वितरित." बरं, मग? कपाटाची किल्ली कुणाकडे आहे ते विचारा. मुख्याध्यापकांच्या कंबरेला असेल, तर वाद्यं फक्त सामानाच्या नोंदवहीत, डेडस्टॉक रजिस्टरात वाजतात. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या वर जातो. पत्र्याच्या खोलीत पडलेल्या तबल्याची शाई तडकते, पेटीच्या भात्याचे जोड सुटतात. मी कुठलीही पट्टी न दाबता भाता भरून सोडतो; हवा लगेच गळाली, तर त्या पेटीकडे कुणी फिरकलेलं नाही. तबल्याची पुडी, म्हणजे वरचं कातडं, बदलायचे पैसे कोण देणार, हे करारात शोधा. बहुधा सापडणार नाही. खरेदीला देणगीदार मिळतो, कारण तिथं फोटो निघतो. मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणून लगेच शाळेला तानपुरा भेट देऊ नका. तो रोज जुळवणारं कुणी नसेल, तर मोबाइलवरचा तानपुरा बरा.

मुलांची पट्टी न बघणं

गुरुजी स्वतःच्या काळी एकमध्ये, म्हणजे खालच्या सुरात शिकवतात, मुलांचा गळा काळी चार-पाचच्या आसपास, म्हणजे बराच वर. मुलं खर्जात कुजबुजतात आणि पाहुणा लिहितो, "आवाजाची तयारी कमी."

परीक्षेचे निकाल म्हणजे यश समजणं

गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक, प्रवेशिका या सुरुवातीच्या संगीत परीक्षांना किती बसले, हा आकडा छान दिसतो. पण शास्त्रीय कलांच्या परीक्षांवर दहावीला वाढीव गुण मिळतात, त्यामुळं बरेच जण शाळेबाहेर शिकूनही बसतात. कोण कुठं शिकला, हा रकाना वेगळा ठेवा.

"मुलांना संगीताची पार्श्वभूमी नाही"

हे वाक्य वाचलं की माझं डोकं उठतं. सोलापूर शहरात मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू अशा सगळ्या माध्यमांच्या शाळा आहेत. अक्कलकोटकडच्या घरांत लिंगायत संतांची कन्नड वचनं म्हटली जातात, पंढरपूरच्या बाजूला पोरं टाळ हातात घेऊनच वाढतात, गणपतीत हलगीवर लेझीम खेळतात. त्या पोराला ताल नाही म्हणता? त्याला एकताल माहीत नसेल, एवढंच. उपक्रमानं मुलांच्या घरातलं काही वर्गात आणलं का, हे बघायचं असतं.

कायदा विसरणं

शिक्षण हक्क कायदा, २००९. सहावी ते आठवीला शंभराहून जास्त मुलं असतील, तर कलाशिक्षणासाठी अर्धवेळ निदेशक (शिकवणारा) हवा, असं परिशिष्टातच आहे. बाहेरची संस्था त्या जागेला जोड देतेय की ती जागा कायमची रिकामी ठेवायला कारण पुरवतेय, हे लिहा. लिहिल्यावर चहा मिळत नाही, तरी लिहा.

गूगल फॉर्म पाठवून मोकळं होणं

तो कारकून भरतो. पुढं बोलायची गरज नाही.

शिक्षकाला मुख्याध्यापकांसमोर प्रश्न विचारणं

नवख्यांना घाई असते. एकाच खोलीत सगळ्यांच्या मुलाखती उरकतात. मानधन किती महिने थकलंय, हे तिथं कोण सांगणार? बाहेर एसटीच्या थांब्यावर विचारा. सोलापुरातून करमाळ्याच्या टोकाला जाणाऱ्या शिक्षकाचं भाडं करारात धरलेलंच नसेल, तर आठवड्याचा तास पंधरवड्यावर का गेला, हे तिथंच कळतं.