इंदूरच्या काळ्या मातीतली सुवासिक झुडपं

इंदुरात मोगरा किंवा अनंत मेला की दोष उन्हाळ्याला दिला जातो. पण पाणी नीट मिळालं तर ही झुडपं मे महिन्यातली लू, म्हणजे उष्ण वारे, सोसतात. ती जातात श्रावणात, मुळं कुजून. माळव्याची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात पडलेल्या भेगा मिटतात आणि पाणी मुळांशी कोंडतं. म्हणून रोप आणण्याआधी जागा तपासा. दीड फूट खोल खड्डा खणून पाण्याने भरा, ते जिरलं की पुन्हा भरा. संध्याकाळी भरलेलं पाणी सकाळीही उभं असेल तर तिथे खड्डा करून लावू नका.

मोठा खड्डा खणून त्यात वाळू-शेणखताचं भुसभुशीत मिश्रण भरा, असा सल्ला सर्रास मिळतो. काळ्या मातीत तोच घात करतो. चारी बाजूंची चिकण माती पाणी सोडत नाही, त्यामुळे अंगणातलं सगळं पाणी त्या मऊ खड्ड्यात उतरतं आणि तिथेच साचतं. त्याऐवजी तळाची माती फक्त कुदळीने सैल करा आणि वर ३ फूट रुंद, १ फूट उंच वरंबा घाला. दोन घमेली तिथलीच माती, एक घमेलं बारीक मुरूम आणि एक घमेलं पूर्ण कुजलेलं शेणखत, हे प्रमाण पुरतं. रोपाच्या मुळांचा गोळा वरंब्याच्या पातळीपेक्षा इंचभर वरच राहू द्या. लावणी पहिले दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर करा.

रोपवाटिकेत नावं हिंदीतून सांगावी लागतात. अनंत म्हणजे गंधराज, कुंती म्हणजे मधुकामिनी, पारिजातक म्हणजे हरसिंगार.

मोगऱ्याला दिवसाचं किमान सहा तास ऊन हवं. भिंतीच्या सावलीत तो नुसता पाला वाढवतो. त्याची फुलं नव्या फुटीवरच येतात, म्हणून छाटणीशिवाय बहर नाही. डिसेंबरच्या मध्यापासून जमिनीतल्या मोगऱ्याचं पाणी हळूहळू तोडा. जानेवारीअखेर, कडाक्याची थंडी ओसरली की झुडूप जमिनीपासून दीड फुटावर छाटा, वाळक्या आणि आत वळलेल्या फांद्या बुडापासून काढा, उरलेली पानंही हाताने खुडून टाका. आठवडाभर बुडाला ऊन लागू द्या. मग प्रत्येक झुडपाला दोन घमेली शेणखत, दोन मुठी निंबोळी पेंड आणि ५० ग्रॅम सिंगल सुपर फॉस्फेट मिसळून भरपूर पाणी द्या. हाडांचं खत इथे घालू नका. इथल्या चुनखडीच्या मातीत त्यातला स्फुरद (फॉस्फरस) झाडाला मिळत नाही. छाटणी वेळेवर झाली तर चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला घरचे गजरे होतात. युरिया मात्र टाळा, त्याने फांद्या लांबतात आणि कळ्या कमी होतात.

कळ्या जांभळट पडून न उमलता गळल्या तर एक कळी फोडून पाहा. आत अळी सापडली की तशा सगळ्या कळ्या रोज वेचून नष्ट करा, बुडाची माती वरवर हलवा आणि दर आठ दिवसांनी संध्याकाळी ५ टक्के निंबोळी अर्क फवारा. मे महिन्यात पानं धुरकट, ठिपकेदार दिसली तर तो लाल कोळी असतो. सकाळी पानांच्या मागच्या बाजूने पाण्याचा जोरदार फवारा दिला तरी तो बराच आटोक्यात येतो.

पान पिवळं आणि शिरा तेवढ्या हिरव्या, हे लोह कमी मिळत असल्याचं लक्षण. इथल्या मातीत लोह असतं, पण चुन्यामुळे ते मुळांना घेता येत नाही. त्यात बोरिंगचं जड पाणी पडलं की भर पडते. कुंडीच्या काठावर पांढरा थर दिसला तर हेच कारण समजा. १ लिटर पाण्यात ३ ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) आणि थोडा लिंबाचा रस घालून पानांवर संध्याकाळी फवारा, पंधरा दिवसांनी पुन्हा एकदा. द्रावण ताजंच वापरा, तांबूस झालेलं निरुपयोगी असतं. फरशीवर पडलं तर डाग जात नाही. आणि चुलीची किंवा होमाची राख या झुडपांना घालणं कटाक्षाने थांबवा, तिने माती आणखी अल्कधर्मी होते.

अनंताला आम्लधर्मी मातीच लागते, त्यामुळे काळ्या मातीत त्याचा हट्ट धरू नये. तो १४ इंची कुंडीतच ठेवा. दोन भाग धुतलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग पालापाचोळ्याचं खत, एक भाग जाड वाळू. शक्य असेल तेव्हा गच्चीवरचं साठवलेलं पावसाचं पाणी द्या. सकाळचं ऊन आणि दुपारी सावली ही त्याची जागा. कळ्या धरल्यावर कुंडी हलवू नका, पाण्यात खंड पडू देऊ नका. सुकं-ओलं झालं किंवा लू लागली की कळ्या उमलण्याआधीच गळतात.

कुंती चुनखडीची माती बरीच सोसते, कुंपणाला उत्तम. पण दर महिन्याला कात्री चालवली तर फुलणार नाही, कारण तिचे घोस फांद्यांच्या शेंड्यांना येतात. बहरानंतरच छाटा. लिंबाच्या झाडाजवळ ती नको, लिंबावर येणारी सिला ही रस शोषणारी कीड तिच्यावरही पोसते.

रातराणीला प्रत्येक बहर संपला की एक तृतीयांश छाटा, नवी फूट येऊन ती पुन्हा फुलते. तिचा वास रात्री फार उग्र होतो, काहींचं डोकं दुखतं, म्हणून झोपण्याच्या खोलीच्या खिडकीपासून १५-२० फूट दूर लावा. तिची पांढरी फळं विषारी असतात. घरात लहान मुलं असतील तर फुलं सुकताच ते घोस फळ धरण्याआधी कापून टाका.