प्लास्टिकच्या ठोकळ्यांची रिमोटवर चालणारी गाडी कशी बांधावी

लेगो टेक्निकसारख्या छिद्रे असलेल्या ठोकळ्यांतून रिमोटवर चालणारी गाडी बांधायला घेणारे बहुतेक जण आधी गाडीचे रूप मनात धरतात, मग त्यात मोटर कुठे मावते ते पाहतात आणि सर्वांत शेवटी चाकांकडे वळतात. हा क्रम उलटा करावा, असे आग्रहाने सांगावेसे वाटते. आधी चाक निवडावे, त्या चाकाला किती टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, लागेल याचा हिशेब करावा, तिथून मागे येत गीअर आणि मोटर ठरवावी, या सर्वांभोवती ताठ सांगाडा उभारावा आणि बाहेरचे कवच अगदी शेवटी चढवावे. मोटरची ताकद चाकापर्यंत पोहोचेतो वाटेत किती वाया जाते यावर गाडीची चाल अवलंबून असते, आणि ती वाया जाऊ न देणे बऱ्याच अंशी बांधणाऱ्याच्या हाती असते.

मापांचे गणित

या ठोकळ्यांचे गणित ८ मिलिमीटरवर उभे आहे. शेजारच्या दोन छिद्रांच्या मध्यबिंदूंतील अंतर ८ मिमी असते आणि गीअरची आखणीही त्याला जुळवून केलेली असते. दाते एकमेकांत बसतात त्या वर्तुळाची त्रिज्या ८ दात्यांच्या गीअरसाठी ४ मिमी, १६ दात्यांच्या गीअरसाठी ८ मिमी, २४ साठी १२ मिमी आणि ४० साठी २० मिमी असते. म्हणजे दात्यांच्या संख्येच्या निम्मी. दोन गीअरच्या त्रिज्यांची बेरीज ८ च्या पटीत आली की ते एकाच दांडीच्या छिद्रांत नेमके बसतात. ८ आणि २४ ची जोडी दोन छिद्रांच्या अंतरावर बसते, १२ आणि २० चीही दोन छिद्रांच्याच, तर ८ आणि ४० ची किंवा १२ आणि ३६ ची जोडी तीन छिद्रांच्या अंतरावर बसते. ८ आणि १६ ची बेरीज मात्र १२ मिमी येते, म्हणजे दीड छिद्र. त्यासाठी अर्ध्या मापाने सरकवणारे वेगळे जोड लागतात. पहिल्या गाडीत अशा जोड्या टाळलेल्याच बऱ्या.

वर खुंट्या असलेले जुन्या पद्धतीचे छिद्रांचे ठोकळे वापरत असाल, तर उंचीचा हिशेब वेगळा पडतो. ठोकळा ९.६ मिमी उंच आणि पातळ पट्टी ३.२ मिमी जाड असते. त्यामुळे एकावर एक ठेवलेल्या दोन ठोकळ्यांची छिद्रे ९.६ मिमी अंतरावर येतात आणि उभी दांडी त्यांना जोडू शकत नाही. दोन ठोकळ्यांच्या मध्ये दोन पातळ पट्ट्या घातल्या की हे अंतर बरोबर १६ मिमी होते आणि उभ्या दांडीने दोन्ही थर पक्के आवळता येतात. ताकद लावली की सुटणाऱ्या कितीतरी गाड्यांना एवढा उपाय पुरेसा असतो.

मोटर आणि रिमोट

लेगोने २००७ मध्ये पॉवर फंक्शन्स ही विद्युत प्रणाली आणली. तिचा रिमोट इन्फ्रारेड किरणांवर चालतो. म्हणून रिमोट आणि रिसीव्हर यांच्यामध्ये आडोसा आला किंवा रिसीव्हरवर कडक ऊन पडले की संदेश पोहोचत नाही. रिसीव्हर गाडीच्या माथ्यावर, उघडा राहील असा बसवावा आणि गाडी शक्यतो घरात किंवा सावलीत चालवावी. २०१९ पासून टेक्निकच्या मोठ्या संचांत येऊ लागलेली कंट्रोल प्लस ही प्रणाली ब्लूटूथवर चालते, फोनवरून नियंत्रित होते आणि तिच्या एल व एक्सएल या मापांच्या मोटरींना आपण किती अंश फिरलो हे कळते. उघड्यावर चालणाऱ्या गाडीसाठी ही दुसरी प्रणाली निःसंशय सरस आहे. हातात पहिली असेल तर मात्र दुसरीसाठी खोळंबून राहू नये, कारण बांधणीचे नियम दोन्हींना सारखेच लागू पडतात.

नवखा माणूस बहुधा सर्वांत मोठी मोटर निवडतो. पॉवर फंक्शन्समधील तीन मोटरींची तुलना इथे उपयोगी पडेल. ९ व्होल्टवर, ओझ्याविना, एम मोटर मिनिटाला सुमारे ४०५ फेरे करते, एल मोटर ३९० आणि एक्सएल मोटर २२०. अडकून थांबण्याच्या क्षणी त्या अनुक्रमे सुमारे ११, १८ आणि ४० न्यूटन-सेंटिमीटर टॉर्क देतात. एक्सएलचा टॉर्क एलच्या दुपटीहून जास्त असला, तरी तिचा वेगही निम्म्याच्या आसपास आहे आणि ती आकाराने जाड व वजनाने भारी आहे. छोट्या-मध्यम गाडीसाठी एल मोटर आणि योग्य गीअर ही जोडी मला अधिक पसंत आहे. सांगाड्यात ती सहज मावते आणि तिच्या बाजूंना छिद्रे असल्याने ती स्वतःच सांगाड्याचा भाग बनून त्याला ताठपणा देते.

चाकापासून हिशेब

समजा गाडीचे वजन १.२ किलो होणार आहे आणि चाकांचा व्यास ६२.४ मिमी आहे. ही गाडी ३० अंशांच्या चढावर चढवायची, तर गुरुत्वाकर्षण तिला सुमारे ५.९ न्यूटन बलाने मागे ओढेल. चाकाची त्रिज्या ३.१ सेंटिमीटर धरली, तर त्या बलाला तोलायला सुमारे १८ न्यूटन-सेंटिमीटर टॉर्क लागेल. म्हणजे एल मोटर गीअरविना थेट चाकांना जोडली, तर या चढावर ती जागच्या जागी अडकेल आणि तापत राहील. कोणतीही मोटर तिच्या कमाल टॉर्कच्या तिसऱ्या भागाच्या आसपास चालवावी; तिथे ती वेगही राखते आणि बॅटरीही जपते. म्हणून इथे किमान तिप्पट टॉर्क देणारी, म्हणजे १२ आणि ३६ किंवा ८ आणि २४ दात्यांची जोडी हवी. तिने चाकाचा वेग मिनिटाला १३० फेऱ्यांवर येतो. चाकाचा परीघ साधारण १९६ मिमी असल्याने ओझ्याविना गाडी सेकंदाला सुमारे ४२ सेंटिमीटर जाईल आणि चढावर त्याहून बरीच हळू. हा वेग कमी वाटत असेल, तर एक तर चढाची अपेक्षा सोडावी किंवा दुसरी मोटर जोडावी. टॉर्क आणि वेग दोन्ही एकाच मोटरीकडून मागता येत नाहीत.

दोन मोटरी एकाच आसावर लावल्या की त्यांचा टॉर्क एकमेकांत मिळतो. पण समोरासमोर तोंड करून बसवलेल्या दोन सारख्या मोटरींना सारखाच विद्युतप्रवाह दिला, तर त्या सामाईक आसाला विरुद्ध दिशांना फिरवू पाहतात. त्यामुळे जोडणी करण्यापूर्वी दोन्ही सुट्या चालवून दिशा पाहावी आणि गरज असेल तिथे दिशा पालटून घ्यावी.

शक्ती चाकापर्यंत नेताना

वेग कमी करून टॉर्क वाढवणारी गीअरची जोडी कुठे ठेवायची, या प्रश्नाचे उत्तर जवळजवळ नेहमी ‘चाकाच्या जितके जवळ जमेल तितके’ असे असते. मोटरीपाशीच टॉर्क तिप्पट केला, तर पुढचा प्रत्येक आस, प्रत्येक सांधा आणि डिफरन्शियल (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गीअरची रचना) यांना तिप्पट भार सोसावा लागतो. प्लास्टिकचा लांब आस अशा भाराखाली पिळवटतो आणि युनिव्हर्सल जॉइंट, म्हणजे दोन आसांना कोनात जोडणारा सांधा, तुटतो. तीच जोडी चाकाच्या हबमध्ये, म्हणजे चाक जिथे बसते त्या मधल्या भागात, ठेवली, तर मधले सगळे भाग कमी भारावर, जास्त वेगाने फिरतात. २०१२ च्या ९३९८ क्रमांकाच्या लेगो संचातील चारही चाकांनी चालणाऱ्या क्रॉलरमध्ये (दगडधोंड्यांवर चढणाऱ्या गाडीत) हीच रचना केलेली होती. तिचा आणखी एक फायदा असा, की आस चाकाच्या मध्याहून वर सरकतो आणि गाडीच्या पोटाखाली जास्त मोकळी जागा राहते.

वळताना आतल्या चाकापेक्षा बाहेरचे चाक जास्त अंतर कापते. हा फरक डिफरन्शियल सांभाळतो. सपाट जमिनीवरच्या गाडीत मागच्या आसावर तो जरूर द्यावा, नाहीतर वळताना चाके घासतील आणि वळणाचा घेर वाढेल. दगडधोंड्यांवर चढणाऱ्या गाडीत मात्र त्याचा उपद्रव होतो, कारण एक चाक हवेत उचलले गेले की डिफरन्शियल सगळा वेग त्यालाच देतो आणि जमिनीवरचे चाक स्वस्थ बसते. अशा गाडीत तो वगळून दोन्ही चाके एकाच आसावर पक्की करावीत. मळसूत्रासारखा वर्म गीअर मोहात पाडतो, कारण २४ दात्यांच्या गीअरबरोबर तो एकाच पायरीत २४ पट टॉर्क वाढवतो. पण त्यात घर्षण फार होते आणि चाकाकडून तो उलटा फिरत नाही. क्रेनच्या दोरासाठी तो उत्तम आहे. गाडीच्या चाकांसाठी नाही.

प्रत्येक गीअरच्या दोन्ही बाजूंना आसाला आधार हवा. एकाच बाजूने धरलेला गीअर भार येताच दूर ढकलला जातो आणि दात्यावरून दाता उडल्याचा टक-टक आवाज येऊ लागतो. काटकोनात जुळणाऱ्या गीअरच्या बाबतीत हे विशेष जपावे, कारण ते एकमेकांना दोन दिशांनी रेटतात. त्यांच्याभोवती चारही बाजूंनी बंद अशी चौकट करणेच योग्य. बुश, म्हणजे आस जागेवर धरणारी कडी, लावताना तो दांडीवर घट्ट दाबू नये, कागद सरकेल इतकी फट ठेवावी. मोटर जोडण्याआधी चाकाला हाताने टिचकी मारून पाहावे. ते सहज फिरून हळूहळू थांबले तर मार्ग मोकळा आहे. लगेच थांबले तर एकेक आस सोडवून अडथळा शोधावा. ही चाचणी प्रत्येक नवा गीअर चढवल्यावर पुन्हा करावी. सगळी बांधणी झाल्यावर दोष शोधायचा म्हणजे सगळी गाडी उकलावी लागते.

स्टिअरिंग

पॉवर फंक्शन्सची सर्व्हो मोटर दोन्ही बाजूंना ९० अंश फिरते आणि बोट सोडताच मध्यावर परतते, म्हणून स्टिअरिंगला तीच वापरावी. तिच्या आसावरचा गीअर दातेरी पट्टी सरकवतो आणि पट्टी चाकांच्या हातांना, म्हणजे चाक वळवणाऱ्या आखूड दांड्यांना, ढकलते. पट्टी किती सरकेल हे गीअरवर अवलंबून असते. ८ दात्यांचा गीअर पाव फेऱ्यात तिला सुमारे ६.३ मिमी सरकवतो आणि १२ दात्यांचा ९.४ मिमी. चाकाचा हात १६ मिमी लांब असेल, तर पहिल्यात चाक साधारण २३ अंश वळते आणि दुसऱ्यात ३६ अंश. पुढच्या चाकांनाही शक्ती दिलेली असेल, तर २३ अंशांवरच समाधान मानावे. युनिव्हर्सल जॉइंट जास्त कोनात आचके देत फिरतो. चाक ज्या उभ्या खिळ्याभोवती वळते तो खिळा चाकाच्या मध्यापासून दूर गेला, तर चाक जागेवर न वळता जमिनीवर कमान काढत सरकते आणि सर्व्होला विनाकारण जोर लावावा लागतो. म्हणून शक्य तितके खोल चाक घेऊन खिळा त्याच्या पोटात न्यावा. कंट्रोल प्लसमध्ये ॲप सुरुवातीला स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत नेऊन मध्य शोधते. त्यासाठी दोन्ही टोकांना पक्का अडसर द्यावा, लवचीक टोक मध्याचा अंदाज चुकवते.

स्टिअरिंगची ही सगळी खटपट नको असेल, तर रणगाड्याची पद्धत घ्यावी. दोन्ही बाजूंना एकेक मोटर आणि पट्टा दिला, की दोन्ही पुढे फिरवून सरळ आणि एक उलटी फिरवून जागच्या जागी वळता येते. गुळगुळीत फरशीवर प्लास्टिकचे पट्टे घसरतात, म्हणून त्यांच्या कड्यांत बसणारे रबरी तुकडे जरूर लावावेत.

बॅटरी आणि वजन

बॅटरीची पेटी हा गाडीतील सर्वांत जड भाग असतो, त्यामुळे तिची जागा सांगाडा उभारतानाच ठरवावी. ती जितकी खाली, तितकी गाडी उलटण्याची भीती कमी. चढावर जाणाऱ्या गाडीत ती थोडी पुढे घ्यावी, म्हणजे पुढची चाके जमीन सोडणार नाहीत. साध्या अल्कलाइन ६ सेलचे ९ व्होल्ट होतात. पुन्हा चार्ज होणारे निकेल-मेटल-हायड्राइड सेल घातले तर ७.२ व्होल्टच मिळतात आणि वेग त्या प्रमाणात घटतो. जुने आणि नवे सेल एकत्र घालू नयेत. सेल बदलण्यासाठी पेटीचे झाकण आणि चालू-बंदचे बटण कवच न उकलता हाताशी येईल, अशी सोय ठेवावी. तारा गीअरपासून दूर, दांड्यांच्या खालून नेऊन अडकवून टाकाव्यात.

गाडी चढावर मध्येच थांबली आणि काही वेळाने पुन्हा चालू लागली, तर मोटर बिघडली असे समजू नये. जास्त प्रवाह ओढला गेला की संरक्षक यंत्रणा वीज तोडते आणि थंड झाल्यावर पुन्हा जोडते. याचा अर्थ गीअरचे गुणोत्तर वाढवायला हवे किंवा कुठेतरी घर्षण आहे.

पहिली फेरी कवचाविना घ्यावी आणि नंतर गाडी उलटी करून पाहावी. गीअरखाली प्लास्टिकची बारीक भुकटी दिसली, तर तिथली जोडी नीट जुळत नाही किंवा सांगाडा तिथे वाकतो. त्या जागी आणखी एक आडवी दांडी द्यावी. आस उजेडात धरून त्याच्या कडा पाहाव्यात: त्या मळसूत्रासारख्या पिळवटल्या असतील, तर तो आस शक्तीच्या मार्गातून काढून टाकावा आणि त्याच्या जागी आखूड आस येईल अशी रचना करावी. पिन अर्धवट बाहेर सरकल्या असतील, तर तिथला जोड पिनेच्याच दिशेने ओढला जात आहे असे ओळखून त्याला आडवा बांध द्यावा. दोन-तीन फेऱ्यांनंतरही काही सरकले नाही, भुकटी पडली नाही आणि टक-टक ऐकू आली नाही, म्हणजे कवच चढवायला हरकत नाही. तेही मोजक्या पिनांवर, एका झटक्यात निघेल असे.