होम सर्व्हरवर फाइल सिस्टीमचं कॉम्प्रेशन: या चुका टाळा

ठाण्यात किंवा खारघरमध्ये घरचा सर्व्हर म्हणजे बहुधा टीव्ही युनिटच्या कप्प्यात बसवलेला रास्पबेरी पाय ४, नाहीतर इंटेल एन१०० चा मिनी पीसी आणि सोबत एक-दोन हार्ड डिस्क. त्यावर फोनमधले फोटो, लग्नाचे व्हिडिओ, सोसायटीच्या कॅमेऱ्यांचं फुटेज, टॅलीचे बॅकअप, स्कॅन केलेली कागदपत्रं. यातल्या पहिल्या तीन गोष्टी मुळातच कॉम्प्रेस होऊन आलेल्या असतात. फाइल सिस्टीम, म्हणजे डिस्कवर फाइली मांडणारी व्यवस्था, लिहिताना डेटा दाबू (कॉम्प्रेस करू) शकते; पण जेपेग फोटो किंवा एच.२६५ व्हिडिओमधून तिला आणखी काही काढता येत नाही, मग दाबण्याची पातळी १ ठेवा की १५. डिस्क व्हिडिओंनीच भरली असेल तर मोठी डिस्क घ्या, सेटिंगशी खेळत बसू नका.

वरची पातळी म्हणजे जास्त फायदा, हा समज

घरच्या सर्व्हरवर बहुधा बीटीआरएफएस किंवा झेडएफएस ही फाइल सिस्टीम असते, आणि दाबण्याच्या पद्धती म्हणजे झेडस्टँडर्ड किंवा त्याहून हलकी एलझेड४. बीटीआरएफएसमध्ये झेडस्टँडर्डची पातळी साधारण १ ते १५, न सांगितल्यास ३. झेडएफएसमध्ये १ ते १९, पण तिथे नुसतं ‘ऑन’ लिहिलं तर एलझेड४ लागतं. पातळी वाढवली की लिहिण्याचा खर्च झपाट्याने वाढतो; वाचण्याचा जवळपास तेवढाच राहतो. शिवाय फाइल सिस्टीम अख्खी फाइल एकत्र दाबत नाही. बीटीआरएफएस १२८ केबीचे तुकडे करतं, झेडएफएस रेकॉर्डसाइझ (एका तुकड्याचा कमाल आकार ठरवणारी सेटिंग) एवढे, म्हणजे मूळ सेटिंगनुसार तेही १२८ केबीच. एवढ्या लहान तुकड्यात वरच्या पातळ्यांना कसब दाखवायला वाव कमी. म्हणून रास्पबेरी पायवर एलझेड४ किंवा झेडस्टँडर्ड १, एन१०० वर फार तर ३, यापुढे जाण्याचं कारण सहसा नसतं.

स्वतःच्या मशीनवर खात्री करायची असेल तर झेडस्टँडर्डच्या कमांडला बेंचमार्क पर्याय आहे. आपलीच एखादी खरी फाइल घ्या, ब्लॉक १२८ केबीचा ठेवा आणि पातळी १ ते ६ तपासा. गिगाबिट केबलवरून प्रत्यक्षात सेकंदाला सुमारे ११० एमबी येतात. एका कोअरचा दाबण्याचा वेग त्याच्या वर असेल ती पातळी निर्धास्त चालेल, कारण उरलेल्या कोअरना सांबा (नेटवर्कवरून फाइली देणारा प्रोग्रॅम) आणि बाकीची कामं असतात.

शून्यांवर चाचणी

डीडी ही कॉपी करणारी कमांड वापरून नुसती शून्यं लिहिली की वेग अफाट दिसतो. शून्यं दाबून जवळपास काहीच उरत नाही, डिस्कपर्यंत काम जातच नाही. यादृच्छिक डेटा घेतला तर उलट टोक. दोन्ही आकडे निरुपयोगी. दोन-चार जीबीची, तुमच्या नेहमीच्या फाइलींची सरमिसळ कॉपी करून बघा.

वेग पडला की दोष कॉम्प्रेशनला

कॉपी सुरू होताना सेकंदाला ११० एमबी, मिनिटभराने २०. सुरुवातीचा आकडा रॅमचा असतो, त्यामुळे तो सोडून द्या. नंतर टॉप ही चालू कामांची यादी दाखवणारी कमांड उघडा. सीपीयू भरलेला आहे आणि यादीत वर बीटीआरएफएस-डेलॅलॉक नावाचे केवर्कर (कर्नलची पार्श्वभूमीतली कामं) किंवा झेडएफएसचे राइट-इश्यू थ्रेड दिसतात, तर कॉम्प्रेशन जड झालंय, पातळी उतरवा. सीपीयू रिकामा आणि ‘डब्ल्यूए’ (डिस्कची वाट बघण्यात गेलेला वेळ) मोठा, तर डिस्क अडलीय. स्वस्त मोठ्या डिस्क अनेकदा एसएमआर प्रकारच्या (पट्टे एकमेकांवर चढवून लिहिणाऱ्या) असतात आणि सलग लिहिताना त्या अशाच बसतात. तिथे पातळी बदलून काही हाती लागत नाही.

तिसरी शक्यता मे महिन्यात हमखास तपासावी. बंद कप्प्यात, पंख्याविना ठेवलेला पाय ४ सुमारे ८० अंशांवर स्वतःहून वेग उतरवतो. थ्रॉटलिंगची स्थिती सांगणारी व्हीसीजेन कमांड चालवा. उत्तर शून्य नसेल तर मशीन तापलंय किंवा अडॅप्टर पुरेशी वीज देत नाही.

सेटिंग बदलली, जागा तेवढीच

हा प्रश्न सर्वांत जास्त पडतो. सेटिंग नव्याने लिहिलेल्या डेटालाच लागू होते, जुन्या फाइली जशाच्या तशा राहतात. बीटीआरएफएसवर त्या दाबायला डीफ्रॅगमेंट कॉम्प्रेशनच्या पर्यायासह चालवावं लागतं, आणि खरा घोटाळा इथेच होतो. डीफ्रॅगमेंटमुळे स्नॅपशॉटशी (त्या-त्या वेळच्या स्थितीच्या जपलेल्या प्रतीशी) वाटून घेतलेली जागा तुटते. जुनी प्रत स्नॅपशॉटमध्ये राहते, नवी वेगळी लिहिली जाते आणि जागा वाचण्याऐवजी डिस्क भरते. आधी नको असलेले स्नॅपशॉट काढा, मग एकेक फोल्डर घ्या.

मोजतानाही फसगत होते. बीटीआरएफएसवर ‘डीयू’ ही जागा मोजणारी कमांड मूळ आकारच दाखवतं, त्यामुळे काही झालंच नाही असं वाटतं. तिथे कॉम्पसाइझ हे वेगळं साधन बसवा. झेडएफएसवर ‘डीयू’ दाबलेला आकार दाखवतं, कॉम्प्रेसरेशो, म्हणजे किती पट दाबलं गेलं तेही विचारता येतं.

बीटीआरएफएसची आणखी एक खोच. एकाच फाइल सिस्टीमच्या दोन सबव्हॉल्यूमना (स्वतंत्र माउंट करता येणाऱ्या विभागांना) एफएसटॅब या माउंटच्या सेटिंगच्या फाइलमध्ये वेगळ्या पातळ्या दिल्या तरी आधी माउंट झालेल्याचीच चालते. फोल्डरनिहाय वेगळी दाबण्याची पद्धत हवी तर बीटीआरएफएसची प्रॉपर्टी कमांड वापरा. झेडएफएसमध्ये प्रत्येक डेटासेटला (तिथल्या विभागाला) आपली सेटिंग, हा तिथला मोठा आराम.

‘फोर्स’ आणि ‘ऑफ’, दोन्ही टोकं

बीटीआरएफएसचा साधा कॉम्प्रेस पर्याय फाइल दाबण्याजोगी आहे का ते चाचपतो आणि नसेल तर नाद सोडतो. कॉम्प्रेस-फोर्स ते ऐकत नाही: प्रत्येक व्हिडिओवर सीपीयू झिजवतो, वर न दाबता आलेल्या डेटाचे तुकडेही जास्तीत जास्त ५१२ केबीचे करतो. व्हर्च्युअल मशीनच्या इमेजसारख्या, सुरुवातीला दाबता न येणाऱ्या पण पुढे दाबता येण्याजोग्या असलेल्या फाइलींसाठीच तो विचारात घ्यावा.

झेडएफएसवर व्हिडिओच्या डेटासेटसाठी लोक कॉम्प्रेशन ‘ऑफ’ करतात. करू नका. रेकॉर्डसाइझ १ एमबी असेल तर फाइलचा शेवटचा अर्धवट रेकॉर्डही पूर्ण १ एमबी व्यापतो. एलझेड४ चालू असलं की ती रिकामी शेपटी उडते.

डेटाबेसला मात्र लहान रेकॉर्डसाइझ देतात, तेव्हा हिशोब वेगळा. ४ केबी सेक्टरवर जागा पूर्ण सेक्टरांतच वाचते: १६ केबीचा रेकॉर्ड ११ केबी झाला तरी १२ धरतो, ८ केबीचा ५ झाला तर वाचतं शून्य.

बॅकअप दुसऱ्या घरी, समजा ऐरोलीहून कळव्याला, झेडएफएस सेंड या स्नॅपशॉट पाठवणाऱ्या कमांडने जात असेल तर कॉम्प्रेस्ड पर्याय लावा. नाहीतर पाठवणारा पाय आधी सगळं उलगडतो, मोठा प्रवाह ब्रॉडबँडवरून ढकलतो आणि पलीकडचं मशीन तेच पुन्हा दाबत बसतं.