बोअरचं जड पाणी: गिझर, कूलर आणि वरणाच्या बाबतीत या चुका टाळा

मराठवाड्यात पाणी कमी आहे हे सगळ्या राज्याला माहीत आहे. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं, तेव्हा तर देशाला कळलं. पण जे पाणी आहे ते जड आहे, आणि त्यापायी घरातून किती पैसा जातो, याचा हिशेब कोणी मांडत नाही. काळ्या कातळातून आणि रानातल्या चुनखडीतून मुरत मुरत येताना पाणी कॅल्शियम-मॅग्नेशियम सोबत घेऊन येतं. बोअरमधून आपण उपसतो ते हेच.

बहुतेक घरांत या पाण्यावर उपाय होतो तो पिण्यापुरता. आरओ बसवला, नाहीतर वीस लिटरचा जार लावला की विषय संपला. खरं नुकसान होतं ते जिथे पाणी तापतं आणि जिथे पाणी वाळतं तिथे. क्षार बसतो तो याच दोन जागी.

कूलरमध्ये आरओचं वाया जाणारं पाणी ओतणं

ही चूक सगळ्यात जास्त दिसते, कारण ती काटकसरीतून होते. आरओच्या नळीतून पडणारं पाणी बादलीत धरायचं आणि वाया जाऊ नये म्हणून कूलरला घालायचं. पाणी वाचवण्याची ही धडपड आपल्याकडे कौतुकाचीच आहे, पण जागा चुकली. आरओ क्षार नाहीसे करत नाही, पिण्याच्या पाण्यातले काढून त्या नळीच्या पाण्यात ढकलतो. म्हणजे ते पाणी बोअरच्या पाण्याहूनही जड. कूलर काय करतो? पाणी उडवतो आणि क्षार मागे ठेवतो. मे महिना निम्मा होतो न होतो तोच गवताच्या ताट्या पांढऱ्या पडून कडक होतात, हवा आत येईनाशी होते, मोटार घरघरायला लागते आणि मिस्त्री म्हणतो पंप बदला.

ते पाणी फरशी पुसायला, संडासात टाकायला, गाडी धुवायला वापरा. कुंडीत रोज घालू नका. कूलरमध्ये साधं बोअरचं पाणी असलं तरी टाकीत नुसती भर घालत राहू नका. आठवड्यातून एकदा तळाचं बूच काढून सगळं पाणी सोडून द्या. पाण्याच्या टंचाईत हे जिवावर येतं, पण नाही सोडलं तर ताट्या आणि पंप दोन्ही बदलावे लागतात.

गिझर शेवटच्या आकड्यावर ठेवणं

पाणी जितकं तापवाल तितका क्षार जास्त सुटतो आणि कॉइलवर थर धरतो. थर जाड झाला की कॉइल आतल्या आत तापते, वीज खाते आणि एक दिवस जळते. मग कंपनीला शिव्या. अंघोळीला 50 अंशांच्या आसपासचं पाणी पुरतं. काटा तिथेच ठेवा आणि वर्षातून एकदा टाकी उघडून साफ करून घ्या. त्याच वेळी आतला मॅग्नेशियमचा रॉड बघायला सांगा. तो झिजण्यासाठीच असतो, झिजून संपला की टाकी गंजायला लागते.

सोलर घेताना दुकानदाराला पाणी कुठलं आहे ते आधी सांगा. तांब्याच्या बारीक नळ्यांचा सोलर जड पाण्यात आतून तुंबतो. काचेच्या नळ्यांचा त्या मानाने टिकतो, कारण नळी काढून धुता येते.

ठिबकच्या नळ्या तुंबू नयेत म्हणून शेतकरी आठवणीने ॲसिड प्रक्रिया करतो. त्याच बोअरवर चालणारा घरातला गिझर मात्र बसवल्यापासून कोणी उघडलेला नसतो, याची गंमत वाटते.

क्षार घालवायला फरशीवर ॲसिड

न्हाणीतली शहाबादी फरशी हा मुळात चुनखडक आहे. तिच्यावर ॲसिड पडलं की बुडबुडे येतात, आणि आपल्याला वाटतं मळ निघतोय. निघते ती फरशी. ती खरबरीत होते आणि पुढचा क्षार तिच्यावर आणखी घट्ट बसतो. नळाची चकाकीही ॲसिडने जाते. नळ, शॉवर, किटली यांसाठी किराणा दुकानात मिळणारं लिंबूसत्त्व पुरतं. लिटरभर गरम पाण्यात दोन चमचे घालून शॉवरची जाळी त्यात अर्धा तास बुडवा, मग जुन्या ब्रशने घासा. फरशीवर मात्र तेही सांडू देऊ नका.

ब्लीचिंग पावडर आणि ॲसिड एकत्र कधीही वापरू नका. त्यातून क्लोरीन वायू सुटतो, आणि बंद न्हाणीत तो जिवावर बेततो.

फेस येत नाही म्हणून साबण वाढवणं

साबण जड पाण्यातल्या कॅल्शियमशी बांधला जातो आणि त्याचा चिकट साका होतो. कपडे राठ आणि पिवळट दिसतात ते त्यामुळे. साबण वाढवला की साकाही वाढतो. भिजवताना पाण्यात आधी थोडा धुण्याचा सोडा टाका, मग पावडर घाला. वॉशिंग मशीनला पाणी जिथून येतं तिथली जाळीही अधूनमधून काढून धुवा. केसांना रिठा चांगला. त्याच्या फेसाचा जड पाण्यात साका होत नाही. आज्या रिठ्याने न्हायच्या ते उगीच नाही.

वरण शिजत नाही म्हणून खायचा सोडा

जड पाण्यात तुरीची डाळ कुकरच्या चार शिट्ट्या होऊनही दाणेदार राहते, कारण कॅल्शियममुळे डाळीतलं पेक्टिन घट्ट होतं. चिमूटभर सोड्याने डाळ मऊ होते, पण बी-1 जीवनसत्त्व नष्ट होतं. त्यापेक्षा डाळ भिजवा आणि शिजवायला तेवढं तांब्याभर आरओचं पाणी घ्या. आरओ नसेल तर पाणी उकळून रात्रभर ठेवा आणि सकाळी वरचं निवळलेलं घ्या; तळाला पांढरी भुकटी बसलेली दिसेल. उकळून जाणारा जडपणा तेवढाच. सल्फेट-क्लोराइडचा जडपणा उकळून जात नाही. चिंच आणि टोमॅटो डाळ शिजल्यावरच घाला.

पावसाळ्यात पहिले एक-दोन पाऊस जाऊ द्या, पत्रा धुऊन निघाला की पागोळीचं पाणी पिंपात धरा. वरणाला उकळून आणि धुण्याला तसंच, असं दुसरं पाणी नाही.

तुरटी फिरवून पाणी हलकं होतं, हाही गैरसमज आहे. तुरटीने गढूळपणा बसतो, जडपणा नाही. आणि पाइपला बांधायचं लोहचुंबक विकायला कोणी आलं तर पैसे खिशातच राहू द्या.

विक्रेत्याच्या खेळाला भुलणं

तो दोन ग्लास मांडतो, एकात तुमचं पाणी, एकात आरओचं. दोन्हींत विजेच्या कांड्या घालतो. तुमच्या ग्लासात तपकिरी गाळ उठतो आणि घरातल्या सगळ्यांचे चेहरे उतरतात. तो गाळ पाण्यातला नसतो, त्या लोखंडी कांडीचा असतो. क्षार असलेल्या पाण्यातून वीज वाहते म्हणून कांडी झिजते, आरओच्या पाण्यातून फारशी वाहत नाही, एवढीच भानगड.

पेनासारखं मीटर जो टीडीएस दाखवतं, तो एकूण विरघळलेल्या क्षारांचा आकडा असतो. जडपणा वेगळा मोजावा लागतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस 10500) जडपणा लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत चांगला मानला आहे. दुसरा स्रोतच नसेल तर 600 पर्यंत चालतो. टीडीएससाठी हेच आकडे 500 आणि 2000 आहेत.

जड पाण्याने मुतखडा होतो या भीतीने पाणीच कमी पिणारी माणसं घरोघरी आहेत. जड पाणी आणि मुतखडा यांचा थेट संबंध पक्का सिद्ध झालेला नाही. चाळीस-बेचाळीस अंशांच्या उन्हात पाणी कमी पिल्याने खडा धरतो, हे मात्र पक्कं आहे. बोअरच्या पाण्यात खरी काळजी करायची ती नायट्रेट, फ्लोराइड आणि जंतूंची, आणि ती चवीला कळत नाहीत. नायट्रेट तर उकळूनही जात नाही. म्हणून भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत नमुना द्या आणि अहवालात हे सगळे आकडे वेगवेगळे मागा. मशीन कुठलं घ्यायचं ते त्यानंतर ठरवा.

एक राहिलं. इन्व्हर्टरच्या बॅटरीत बोअरचं पाणी घालू नये हे लोक जाणतात, पण आरओचं चालतं असं समजतात. आरओच्या पाण्यातही क्षार उरतात. बॅटरीला फक्त डिस्टिल्ड वॉटर.