वाटी भरलेली, पिल्लू उपाशी: पोपटाचं पिल्लू वाढवताना या चुका टाळा

कॉकटील या परदेशी पोपटाचं सव्वा महिन्याचं पिल्लू घरी आणलं तेव्हा विकणारा म्हणाला होता, "दाणे टिपतंय, आता भरवायची कटकट नाही." आणि खरंच टिपत होतं. दिवसभर वाटीपाशी बसून टकटक, टकटक. घरात सगळे खूश. चौथ्या दिवशी ते पिंजऱ्याच्या तळाला, कोपऱ्यात, पिसं फुगवून बसलं आणि आम्ही दवाखाना गाठला. डॉक्टरांनी आधी पिल्लाला हातच लावला नाही. दाण्यांची वाटी माझ्यापुढे धरली आणि म्हणाले, "फुंकर मारा."

मारली. एकही टरफल उडालं नाही. वाटीतला राळ्याचा दाणा न् दाणा अख्खा होता.

पिल्लू दाणा उचलायचं, जिभेवर घोळवायचं आणि खाली टाकायचं. दाणा सोलायचा कसा, हे त्याला अजून जमतच नव्हतं. डॉक्टरांनी माझं बोट धरून त्याच्या छातीवर फिरवलं. मधलं हाड सुरीच्या पात्यासारखं लागलं. मग काट्यावर ठेवलं: ६८ ग्रॅम. "आणलं तेव्हा किती होतं?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मोठ्या पक्ष्याच्या बाबतीत याच्या अगदी उलट घडतं. त्याची वाटीही भरलेली दिसते, पण वर नुसती टरफलं साचलेली असतात आणि खाली एक दाणा नसतो. म्हणजे दोन्ही वेळा वाटी भरलेली आणि पक्षी उपाशी. रोज सकाळी वाटीवर फुंकर मारा. पिल्लाच्या वाटीतून टरफलं उडाली पाहिजेत आणि मोठ्याच्या वाटीत टरफलं उडाल्यावर दाणे उरले पाहिजेत.

हे सगळं कॉकटील, बजी, लव्हबर्ड, कॉन्युअर अशा परदेशी जातींबद्दल आहे. गळ्यात कंठी असलेला आपला राघू किंवा खांद्यावर लाल डाग असलेला पहाडी पोपट पाळणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. "आमच्या आजीकडे तीस वर्षं मिठू होता" हे खरं असलं तरी त्याने कायदा बदलत नाही. झाडावरून पडलेलं देशी पोपटाचं पिल्लू सापडलं तर घरी वाढवत बसू नका, वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. कॉन्युअर, आफ्रिकन ग्रे यांसारख्या जातींची २०२४ च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते, त्यामुळे कागदपत्रं विकत घेतानाच मागून घ्या. कॉकटील आणि बजी यांना ती भानगड नाही.

भरवताना होणारे घोळ

पहिला घोळ म्हणजे दूध-बिस्कीट. दुधात भिजवलेला पाव, लहान बाळांची पावडर, वरण-भाताची पेज, सगळं भरवलं जातं आणि सगळं मायेपोटीच. पण पक्ष्यांना दुधातली साखर पचत नाही, आणि पाव-बिस्किटात पिसं नि हाडं घडवण्याइतकी प्रथिनं नसतात. पिल्लू जगतं, पण खुरटतं. पाय वाकडे होतात, पिसांवर आडव्या रेघा येतात. पोपटाच्या पिल्लांसाठी हँडफीडिंग फॉर्म्युला, म्हणजे पाण्यात कालवून भरवायची तयार पावडर मिळते, तीच आणा. महाग वाटते खरी, पण कॉकटीलला ती महिना-दीड महिनाच लागते.

दुसरा घोळ तापमानाचा. पिल्लं सगळ्यात जास्त इथेच दगावतात, म्हणून जरा सविस्तर सांगते. आपण बाळाचं दूध तपासतो तसं फॉर्म्युल्याचा थेंब मनगटावर टाकतो, कोमट लागला की भरवतो. पण पक्ष्याच्या अंगाची ऊब आपल्यापेक्षा जास्त असते, चाळीस-एक्केचाळीस अंशांच्या आसपास. आपल्याला जे छान कोमट लागतं ते त्याला गार. गार अन्न क्रॉपमध्ये, म्हणजे गळ्याखालच्या पिशवीत, तसंच पडून राहतं आणि आंबतं. याच्या उलट ४३ अंशांच्या वर गेलं की पिशवी आतून भाजते. भाजल्याचं त्या दिवशी काहीच कळत नाही. पिल्लू आनंदाने खातं, आणि चार-सहा दिवसांनी छातीवर खपली धरते, पुढे भोक पडून अन्न बाहेर यायला लागतं. मायक्रोवेव्हमध्ये हे हमखास होतं, कारण वाटीत एकीकडे गार आणि दुसरीकडे उकळतं असतं. पाणी गरम करा, पावडर त्यात कालवा, नीट ढवळा आणि स्वयंपाकघरातला साधा डिजिटल थर्मामीटर बुडवून ३९ ते ४१ अंश दिसले की मगच सिरिंज भरा. भरवताना वाटी गरम पाण्याच्या भांड्यात ठेवली तर शेवटच्या घासापर्यंत ऊब टिकते. उरलेलं फेकून द्या. पुन्हा गरम करून संध्याकाळी चालवू नका, मग डबा कितीही महाग पडलेला असो.

दाटपणा डब्यावर लिहिल्याप्रमाणे ठेवा. पिसं आलेल्या पिल्लाला साधारण इडलीच्या पिठापेक्षा पातळ आणि कढीपेक्षा दाट लागतं. मात्रा एका वेळेला वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतकी, म्हणजे ८० ग्रॅमच्या पिल्लाला ८ मिलीच्या आसपास.

सिरिंज पिल्लाच्या चोचीच्या डाव्या कोपऱ्यातून आत घाला आणि टोक त्याच्या उजव्या बाजूला वळवा. अन्ननलिका त्या बाजूने उतरते आणि श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या मागे मधोमध उघडतं. पिल्लू मान वरखाली हलवत मागतं, त्या लयीतच दांडा दाबायचा. ते थांबलं की आपणही थांबायचं. "अजून दोन घास, अजून दोन घास" हे नातवंडांना ठीक आहे; इथे तिसरा घास फुप्फुसात जातो. भरवल्यावर नाकातून फेस आला, श्वास घेताना टिकटिक आवाज आला किंवा शेपूट वरखाली व्हायला लागली, तर थांबून लगेच डॉक्टरांकडे.

क्रॉप कसा हाताळायचा, हे मला एका जुन्या पाळणाऱ्या काकांनी शिकवलं. खाल्ल्यावर पिशवी पाणी भरलेल्या फुग्यासारखी मऊ लागावी, टणक नाही. दिवसभरात ती अर्धी-पाऊण रिकामी होते, पण रात्रीच्या शेवटच्या खाण्यानंतर सकाळपर्यंत ती पूर्ण चपटी झालीच पाहिजे. सकाळी हाताला कणकेच्या गोळ्यासारखं काही लागलं किंवा चोचीला आंबूस वास आला, तर त्यावर नवीन फॉर्म्युला घालू नका. पिल्लाला उलटं धरून पिळूनही काढू नका, तेच पाणी श्वासात जातं. ऊब द्या आणि दवाखान्यात न्या. गारठलेल्या पिल्लालाही आधी ऊब, मग अन्न. गार पडलेल्या अंगात काहीही पचत नाही.

घाईने तोडलेलं दूध

आमच्या पिल्लाला डॉक्टरांनी पुन्हा फॉर्म्युल्यावर आणलं, दिवसातून तीनदा. घरातून लगेच आवाज आला, "लाडावेल." लाडावत नाही. कॉकटील सात ते दहा आठवड्यांत सुटतं, काही बारापर्यंत खेचतात. बजी लवकर सुटतं, पाच-सहा आठवड्यांतच. तारीख धरून बंद करायचं नाही, काटा धरून बंद करायचं. रोज सकाळी, खाण्याआधी, एक ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या किचनच्या काट्यावर वजन आणि ते वहीत. उडायला शिकताना पिल्लं थोडी उतरतात, ते चालतं. सगळ्यात जास्त भरलेल्या वजनापेक्षा दहा टक्क्यांहून जास्त उतरलं की बंद केलेलं एक वेळचं भरवणं परत सुरू करायचं.

आधी दुपारचं बंद करा, मग सकाळचं. रात्रीचं सगळ्यात शेवटी. झोपताना क्रॉप भरलेला आहे ना, हे हाताने बघूनच दिवा घालवा. या दिवसांत राळ्याचं अख्खं कणीस, उकडलेल्या मक्याचे दाणे, बिनमिठाचा मऊ भात असं काहीबाही पसरट ताटलीत तळाशी ठेवा. पिल्लं दांडीवर बसून खायला उशिरा शिकतात, जमिनीवर विस्कटून लवकर. ताटलीत नाचतील, सांडतील. सांडू द्या.

पुढचं खाणं

सूर्यफुलाच्या बिया हे पोपटांचं फरसाण आहे. एकदा चव लागली की बाकी सगळं बाजूला सारतात. त्यात चरबी भरपूर, अ जीवनसत्त्व आणि कॅल्शियम जवळपास नाही. काही महिन्यांनी शिंका सुरू होतात, डोळे सुजतात, तोंडात पांढरे चट्टे येतात, आणि आपण म्हणतो थंडी लागली. थंडीवर मला ब्रँडीचा थेंब देण्याचा सल्लाही मिळाला होता. तो देणाऱ्याला मी चहा दिला आणि विषय बदलला.

राळा, बाजरी, थोडी करडई असं मिश्र धान्य ठेवा आणि रोज सकाळी, भूक असते तेव्हा, भाजी द्या: किसलेलं गाजर, लाल भोपळा, शेवग्याचा पाला, कोथिंबीर. लाल मिरची खुशाल द्या, पक्ष्यांना तिखट लागत नाही. तिचं बी वेचून खाताना पाहणं हा स्वतंत्र कार्यक्रम असतो. मोड आलेले मूग उत्तम, पण मोडाचं नुसतं टोक दिसलं की द्यायचे आणि दोन तासांत उरलेले उचलायचे. पावसाळ्यात ते बुळबुळीत व्हायला वेळ लागत नाही. कॅल्शियमसाठी समुद्रफेन, काष्ठौषधीच्या दुकानात मिळतो तोच, तारेने पिंजऱ्याला बांधा. वाळू-खडे खायला घालायची गरज नाही. पोपट दाणा सोलून खातो, कबुतरासारखा अख्खा गिळत नाही.

अॅव्होकॅडो, चॉकलेट, चहा-कॉफी, कांदा-लसूण, खारे वेफर्स अजिबात नको. आणि ओठात दाणा धरून चोचीत देण्याचा जो प्रेमळ खेळ असतो, तोही नको. आपल्या तोंडातले जंतू त्याला झेपत नाहीत. जीवनसत्त्वाचे थेंब पिण्याच्या पाण्यात टाकले तर पाणी दुपारपर्यंत नासतं. द्यायचेच तर डॉक्टरांना विचारून, अन्नावर.

घरातले धोके

नॉनस्टिक तवा विसरून गॅसवर राहिला तर त्याच्या धुराने पक्षी काही मिनिटांत मरतो. माणसाला वासही जाणवत नाही. स्वयंपाकघरात पिंजरा ठेवू नका, एवढंच. मच्छर कॉइल, उदबत्ती-धूप, डांबराच्या गोळ्या, रूम फ्रेशनर हेही त्याच खोलीत नको. पिल्लू बाहेर काढताना छताचा पंखा बंद. नव्या चकचकीत गॅल्व्हनाइज्ड जाळीचे पत्रे चावले तर जस्त पोटात जातं. दांडी गुळगुळीत, एकाच जाडीची नको; पेरूची साल असलेली फांदी धुऊन बसवा, पायालाही बरी आणि चावायलाही.

कॉकटीलची एक खास खोड आहे. रात्री अंधारात भिंतीवरून पाल पळाली किंवा बाहेर लवंगी वाजली की ते घाबरून पिंजऱ्यात थडाथड आदळतं, वाढत्या पिसातून रक्त येतं. पिंजरा पूर्ण काळ्या कापडाने झाकण्यापेक्षा एक बाजू उघडी ठेवून मंद दिवा लावा. झोप दहा-बारा तास हवी, म्हणजे रात्री साडेअकराच्या मालिकेसमोर पिंजरा नको. थंडीत बल्ब लावलात तर एकाच टोकाला, म्हणजे उकडलं तर त्याला सरकता येईल.

पक्षी आजार लपवतो. पिसं फुगवून, दोन्ही पायांवर, दिवसा डोळे मिटून तळाशी बसला, तर ते आजारपण आज सुरू झालेलं नसतं. म्हणून पक्षी बघणारा डॉक्टर पिल्लू घरी आणण्याआधी शोधून ठेवा. बरेच दवाखाने फक्त कुत्री-मांजरं बघतात आणि हे आपल्याला रविवारी रात्री कळतं. नेताना पिंजरा धुऊन नेऊ नका. आम्ही पहिल्यांदा पाहुण्यांकडे जावं तसा चकचकीत करून नेला होता. डॉक्टरांना तळाचा घाण कागदच हवा असतो: हिरवट-तपकिरी भाग किती, पांढरा किती, पाणी किती. उपाशी पक्ष्याची शी गडद हिरवी आणि अगदी थोडी असते. आमच्या कागदावर ती आणल्यापासून तशीच पडत होती, आणि मी रोज सकाळी तो कागद न बघता गुंडाळून टाकत होते.